लष्करी राजवटीतल्या सरकारी दैनिकाचे जुने अंक : जपावेत की रद्दीत द्यावेत?

पानगळ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील २००५ ते २००८ या काळात नोकरीनिमित्त यांगूनला, म्हणजे आपल्या जुन्या रंगूनला, राहत होते. परत येताना त्यांनी काही काचसामान वर्तमानपत्रांत गुंडाळून आणले आणि काही अंक नुसतेच घडी घालून आणले. असे ‘द न्यू लाइट ऑफ म्यानमार’ या इंग्रजी सरकारी दैनिकाचे साठेक अंक आमच्या माळ्यावर पडून आहेत. घर रंगवायला काढले आहे आणि आईने रविवारी रद्दीवाल्याला बोलावले आहे.

मी वृत्तपत्रविद्येच्या पदविका वर्गाला शिकवते, त्यामुळे गठ्ठा खाली काढून तीन रात्री वाचत बसले आणि खरे सांगायचे तर कंटाळले. पहिल्या पानावर गणवेशातले कोणीतरी पूल, धरण किंवा कारखाना पाहतात, ‘आवश्यक त्या सूचना’ करतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी दुसरे कोणीतरी दुसरे धरण पाहतात. देशाची चार राजकीय, चार आर्थिक आणि चार सामाजिक उद्दिष्टे रोज छापलेली असतात. ‘जनतेची इच्छा’ या मथळ्याची एक चौकटही रोज असते, आणि तिच्यात परकीयांवर विसंबून त्यांचे हस्तक म्हणून वागणाऱ्यांना विरोध करा, राज्याचे स्थैर्य धोक्यात आणणाऱ्यांना विरोध करा, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणाऱ्या परकी राष्ट्रांना विरोध करा आणि आतल्या-बाहेरच्या सर्व विध्वंसक घटकांना समान शत्रू मानून चिरडून टाका, अशा चार आज्ञा आहेत. जनतेची इच्छा आज्ञार्थात कशी व्यक्त होते, हा व्याकरणाचा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, दैनिकाच्या नावाखाली ‘स्थापना १९१४’ असे छापले आहे, पण २००८ च्या मे महिन्यातल्या अंकावर ‘वर्ष १६ वे’ असे आहे. हा मेळ कसा बसतो? दुसरी आणि महत्त्वाची, ज्या वर्तमानपत्रात वार्ता म्हणून काही नाहीच, त्याचा विद्यार्थ्यांना किंवा अभ्यासकांना काही उपयोग आहे का? नसेल, तर बाबांची आठवण म्हणून दोनचार अंक ठेवून बाकीचे मी सुखाने देऊन टाकीन.

दर्यावर्दी यांचे उत्तर

आईंना माझा नमस्कार सांगा आणि रद्दीवाल्याला आठवडाभर थांबवा. मी २००३ ते २००९ यांगूनच्या बंदरात जहाजांच्या मालाचे काम पाहत होतो. आमच्या कचेरीत हे इंग्रजी दैनिक आणि त्याचे बर्मी भावंड ‘म्यान्मा अलिन’ अशी दोन्ही येत. तुम्हाला कंटाळा आला याचे कारण तुम्ही ते आपल्याकडचे वर्तमानपत्र वाचावे तसे, मथळ्यापासून सुरुवात करून वाचलेत. तिथे कोणी तसे वाचत नसे.

आमचे बर्मी कारकून अंक हातात आला की तो उलटा करीत आणि मागच्या बाजूने उघडीत. निधनवार्ता आधी, मग सोडतीचे निकाल असतील तर ते, मग जाहीर सूचना. मेलेल्या माणसांच्या बाबतीत सरकारला खोटे बोलण्याचे कारण नव्हते, त्यामुळे तेवढा मजकूर विश्वासाचा. पहिल्या पानाकडे सगळ्यांत शेवटी जात, आणि तेही बातमीसाठी नव्हे तर नावांसाठी. लष्करी राजवटीचे प्रमुख, वरिष्ठ जनरल थान श्वे यांचे नाव संपूर्ण पदव्यांसह येई, त्यानंतर राजवटीचे उपाध्यक्ष माउंग एय यांचे, त्यानंतर पुढचे, आणि हा क्रम म्हणजे त्या दिवशी सत्तेच्या शिडीवर कोण कोणत्या पायरीवर उभा आहे याचा तक्ताच असे. एखादे नाव सलग काही दिवस दिसले नाही, की चहाच्या दुकानात कुजबुज सुरू. आपल्याकडे लग्नपत्रिकेत कोणत्या काकांचे नाव गाळले आहे ते पाहून भाऊबंदकीचा अंदाज बांधतात, तसाच हा प्रकार.

एक उदाहरण देतो. १९ ऑक्टोबर २००४ रोजी पंतप्रधान आणि लष्करी गुप्तचर खात्याचे प्रमुख खिन न्युन्त यांना ‘प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होण्यास परवानगी देण्यात आली आहे’ एवढा त्रोटक आदेश थान श्वे यांच्या सहीने निघाला. ‘परवानगी’ हा शब्द वाचल्याबरोबर आमच्या कचेरीतल्या मुख्य लेखनिकाने अंक मिटला आणि कोणाशी काही न बोलता तो जेवायला निघून गेला. देशातल्या सर्वांत जास्त धाक असलेल्या माणसाला उचलले गेले आहे, हे त्याला त्या एका शब्दात कळले होते. पुढे जुलै २००५ मध्ये खिन न्युन्त यांना भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली ४४ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१२ मध्ये सुटेपर्यंत ते घरीच नजरकैदेत होते.

जे छापले जात नसे, त्याचेही एक वाचन होते. १५ ऑगस्ट २००७ रोजी सरकारने काही पूर्वसूचना न देता इंधनाचे भाव वाढवले. डिझेल दुप्पट झाले आणि बसगाड्यांना लागणारा गॅस पाचपट. लोकांना ते बसच्या पायरीवर, वाहकाने जास्त पैसे मागितल्यावर कळले. सप्टेंबरात राजवटीविरुद्ध जे बौद्ध भिक्षू रस्त्यावर उतरले, त्याची सुरुवात तिथे होती.

आणखी एक गंमत. परदेशी नभोवाणी केंद्रांवर विश्वास ठेवू नका, ही ‘प्राणघातक प्रसारणे’ आहेत, असा इशारा हे दैनिक देत असे आणि त्यात बीबीसी, व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ फ्री एशिया, डीव्हीबी (डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा) अशी सगळी नावे नीट छापलेली असत. ज्याला कोणते केंद्र लावावे हे ठाऊक नसेल, त्याची सोय सरकारी खर्चाने झाली. या घोषणा ऑगस्ट २०११ मध्ये छापायच्या बंद झाल्या. तेव्हा तुमच्याकडचे अंक घोषणांसह आहेत, हेच त्यांचे वय सांगणारे चिन्ह समजा.

शिळाप्रेस यांचे उत्तर

दर्यावर्दी यांनी वाचनाची रीत सांगितली आहे, म्हणून मी पानगळताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो, कारण ‘स्थापना १९१४’ आणि ‘वर्ष १६ वे’ या दोन ओळींतच या दैनिकाचा सगळा इतिहास आला आहे.

‘म्यान्मा अलिन’ म्हणजे ‘म्यानमारचा प्रकाश’. हे मूळचे खाजगी, राष्ट्रीय वृत्तीचे बर्मी वृत्तपत्र ब्रिटिश अमलात निघाले, आणि १९१४ हे साल त्याचे आहे. (मराठी वाचकाला हे साल वेगळ्या कारणाने आठवेल. ‘केसरी’तल्या लेखांबद्दल १९०८ मध्ये शिक्षा झालेले लोकमान्य टिळक याच देशातल्या मंडालेच्या तुरुंगातून १९१४ च्या जूनमध्ये सुटले.) २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, त्या वेळी तिथे अनेक भाषांतली खाजगी दैनिके होती आणि रंगूनची वृत्तपत्रे आशियात बरीच मोकळी मानली जात. त्याच वर्षी मुद्रक-प्रकाशकांच्या नोंदणीचा कायदा आला. १९६३ मध्ये एडवर्ड लॉ-योन यांचे ‘द नेशन’ बंद पडले आणि त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. सरकारने स्वतःचे ‘लोकथा पिथू नेझिन’, म्हणजे ‘श्रमिक जनतेचे दैनिक’, सुरू केले आणि १९६४ च्या जानेवारीत त्याची इंग्रजी आवृत्ती ‘द वर्किंग पीपल्स डेली’ या नावाने निघाली. त्याच वर्षी ‘चेमोन’ आणि ‘द गार्डियन’ ही रंगूनची दैनिके सरकारजमा झाली. ‘म्यान्मा अलिन’ची पाळी १९६९ मध्ये आली.

पुढे १७ एप्रिल १९९३ रोजी ‘श्रमिक जनतेचे दैनिक’ हे समाजवादी थाटाचे नाव टाकून सरकारने आपल्या दैनिकाला ‘म्यान्मा अलिन’ हे जुने नाव दिले आणि इंग्रजी आवृत्ती ‘द न्यू लाइट ऑफ म्यानमार’ झाली. ‘वर्ष १६ वे’ हे १९९३ पासून मोजलेले आहे. थोडक्यात, ज्या वृत्तपत्राला सरकारने गिळले, त्याचेच नाव आणि जन्मसाल सरकारी दैनिकाने अंगावर चढवले. दत्तक घेतलेल्याने घराण्याचे आडनाव लावावे हे ठीक. पण इथे ज्याने घर बळकावले, तोच भिंतीवर आजोबांची तसबीर लावून बसला आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला फक्त या दोन ओळी दाखवा आणि काय विसंगत वाटते ते विचारा.

दुसऱ्या प्रश्नाविषयी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. असे दैनिक लिहिणारी माणसेही पत्रकारच होती. १९८८ च्या ऑगस्टमध्ये जनतेचा उठाव झाला आणि सरकारची पकड काही आठवडे सुटली, तेव्हा शहरोशहरी नवी पत्रे निघालीच, पण सरकारी दैनिकांतल्या याच संपादकांनी आणि वार्ताहरांनी मोर्चांच्या खऱ्या बातम्या छापायला सुरुवात केली. पाव शतक आदेश छापणाऱ्या हातांना बातमी लिहिता येत होती. १८ सप्टेंबरला लष्कराने पुन्हा सत्ता हाती घेतली, बाकीची वृत्तपत्रे बंद केली आणि ‘श्रमिक जनतेचे दैनिक’ तेवढे उरले. त्या सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आणि शेवटचा आठवडा यांचे अंक शेजारी ठेवले, तर वार्ताहर तेच असताना काय बदलले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ऊ विन तिन यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. मंडालेच्या ‘हंथावडी’ या सरकारजमा झालेल्या दैनिकाचे ते संपादक होते. सरकारी वृत्तपत्रातही जेवढी जागा मिळेल तेवढी वापरायची, असा त्यांचा बाणा, आणि १९७८ मध्ये राजवटीने ते दैनिकच बंद केले. जुलै १९८९ मध्ये त्यांना पकडले ते २३ सप्टेंबर २००८ ला सोडले, एकोणीस वर्षे. बाहेर आल्यावर तुरुंगातल्या सहकाऱ्यांसाठी म्हणून ते २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत कैद्यांच्या निळ्या रंगाचाच सदरा घालीत.

अभ्यासकांनी हे दैनिक कधीच टाकाऊ मानलेले नाही. ह्यू मॅकडूगल या माजी अमेरिकन राजनैतिक अधिकाऱ्याने ‘श्रमिक जनतेच्या दैनिका’चा इंग्रजी सारांश वर्षानुवर्षे नेटाने काढला, आणि त्या काळावर लिहिणाऱ्यांना तो आजही लागतो. बदल्या, नेमणुका, कोणता मंत्री कोणत्या गावी कधी गेला, कोणत्या देशाचे शिष्टमंडळ आले, या गोष्टी इतक्या सलग दुसरीकडे कुठे मिळणार? २७ मे १९९० च्या निवडणुकीत ४८५ पैकी ३९२ जागा आंग सान स्यू ची यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी या पक्षाला मिळाल्या, तो निकालही सरकारी माध्यमांतूनच टप्प्याटप्प्याने जाहीर झाला होता. पुढे राजवटीने निकाल मानला नाही, पण छापलेला अंक परत घेता येत नाही.

कोरा कागद यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांचा सूर मला थोडा खटकतो. ‘ओळींमधले वाचा’, ‘नावांचा क्रम पाहा’ हे सगळे एखादे शब्दकोडे सोडवल्यासारखे होत चालले आहे. चहाच्या दुकानातल्या जाणत्या माणसाने खूण ओळखली असेल, पण हे दैनिक लोकांनी ओळखावे म्हणून निघत नव्हते. लोकांच्या मनात काय आहे ते आम्हीच सांगू, तुम्ही गप्प बसा, एवढाच त्याचा अर्थ होता.

‘नर्गिस’ चक्रीवादळाचे उदाहरण घ्या, कारण गठ्ठ्यात मे २००८ चे अंक आहेत असे ताई म्हणतात. २ मेच्या रात्री ते इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळले. भारतीय हवामान खात्याने ४८ तास आधी म्यानमारला कळवल्याचे नंतर सांगितले. सरकारी आकड्यांप्रमाणेच ८४,५३७ माणसे मेली आणि ५३,८३६ बेपत्ता झाली. परदेशी मदत बाहेर ताटकळत असताना १० मे रोजी नव्या राज्यघटनेवर सार्वमत उरकले गेले, वादळग्रस्त भागात ते फक्त २४ मेपर्यंत पुढे ढकलले, आणि ९२.४८ टक्के लोकांनी घटना स्वीकारल्याचे छापून आले. महिनाअखेरीला सरकारी वृत्तपत्रांनी लिहिले की परकीयांनी दिलेल्या चॉकलेटच्या वड्यांवाचून त्रिभुज प्रदेशातल्या लोकांचे अडत नाही, शेतांत आणि ओढ्यांत मासे मिळतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला मोठाले बेडूकही भरपूर असतात. ज्या शेतांत आणि ओढ्यांत तेव्हा प्रेते तरंगत होती, त्याच शेतांविषयी हे लिहिले गेले. इथे ओळींमधले काय वाचायचे?

आणि निधनवार्तांचे, जाहीर सूचनांचे पान तेवढे विश्वासाचे, या दर्यावर्दींच्या म्हणण्याला २०२१ नंतर फार वाईट वळण लागले आहे. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर मार्चच्या मध्यापर्यंत एकही खाजगी दैनिक छापले जात नव्हते. पुन्हा सरकारी तेवढी उरली. (२०१४ पासून इंग्रजी दैनिकाच्या नावामागे ‘ग्लोबल’ लागले आहे, एवढाच फरक.) एप्रिलमध्ये त्यांत नट, गायक आणि इतर प्रसिद्ध व्यक्तींच्या छायाचित्रांसह याद्या येऊ लागल्या, दंडसंहितेच्या कलम ५०५ (अ) खाली हवे असलेल्यांच्या. शिळाप्रेस यांनी टिळकांचा उल्लेख केला, तर हेही लक्षात घ्यावे की ती दंडसंहिता म्हणजे आपलीच १८६० ची संहिता, तिथे ब्रिटिशांनी नेलेली. टिळकांना ज्याखाली शिक्षा झाली ते १२४-अ हे कलमही तिथे त्याच क्रमांकाने आहे.

त्यानंतर, २०२१ च्या नोव्हेंबरपासून, जाहीर सूचनांचे पान एका नव्याच मजकुराने भरू लागले. आपल्याकडे ‘जाहीर नोटीस’ या मथळ्याखाली वकिलामार्फत छापतात ना, ‘आमचा मुलगा आमच्या सांगण्याबाहेर गेला असून त्याच्या कोणत्याही व्यवहारास आम्ही जबाबदार नाही’, तसा मजकूर, पण मुलगा किंवा मुलगी राजवटीच्या विरोधात गेलेली. विरोधकांना आसरा देणाऱ्यांना अटक करू आणि त्यांची मालमत्ता जप्त करू, असे लष्कराने जाहीर केले होते. पुढच्या तीन महिन्यांत रोज सरासरी सहा-सात घरांनी आपल्या पोटच्या पोरांशी संबंध तोडल्याचे सरकारी दैनिकांत छापले. त्यांतले कित्येक नाते छापील कागदापुरतेच तुटले असणार, घर वाचावे म्हणून. म्हणजे ज्या पानावर माणसे खरे शोधायला जात, त्याच पानावर आईबापांना खोटे छापावे लागले. ही सूचना खरी की खोटी, हे वाचणाऱ्याने कसे ठरवायचे, आणि ठरवलेच तर कोणाला सांगायचे?

अंक जपायला माझी हरकत नाही. फक्त वर्गात ते कुतूहलाची वस्तू म्हणून दाखवू नका.

दर्यावर्दी यांचे उत्तर

कोरा कागद यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि थोडे लागलेही. परकी माणसाला तो खेळ वाटू शकतो, कारण त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. ज्या लेखनिकाविषयी मी लिहिले, तो अंक मिटून जेवायला गेला असे मी म्हटले खरे, पण तो डबा न घेताच गेला होता. त्याचा मेहुणा त्या खात्यात होता, हे मला दोन वर्षांनी कळले.

पानगळ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. रद्दीवाल्याला तूर्त नको म्हणून कळवले आहे.

कोरा कागद यांचे उत्तर वाचून मी मे २००८ चे अंक पुन्हा काढले. सोळा अंक निघाले, आणि या वेळी छापील मजकूर सोडून मी कडा पाहिल्या, कारण मिळेल त्या कागदाच्या कडेला पेन्सिलने हिशेब मांडायची बाबांना सवय होती. वादळानंतर यांगूनमध्ये वीज आणि नळाचे पाणी बरेच दिवस नव्हते, हे ते फोनवर म्हणाले होते. पण त्यांनी त्याचे टिपण ठेवले असेल, असे मला कधी वाटले नव्हते. जनरल मदतीची पुडकी वाटताहेत अशा छायाचित्राच्या उजव्या कडेला, मराठीत, बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘पाणी २ बादल्या. मेणबत्ती दर पुन्हा वाढला. को. आला नाही.’ दुसऱ्या दिवशीच्या अंकावर : ‘को. नाही.’ त्याच्या पुढच्यावर फक्त ‘नाही’. मग चार अंकांवर पाण्याचा आणि तांदळाचा हिशेब आहे, को. चा उल्लेख नाही. पाचव्यावर : ‘को. आला. गावी कोणी नाही.’

आईला विचारले. ती म्हणाली, त्यांच्याकडे गाडी चालवायला एक मुलगा होता, को को म्हणायचे त्याला, त्रिभुज प्रदेशातल्या कुठल्याशा खेड्यातला. त्याहून जास्त तिला आठवत नाही.

शिळाप्रेस यांचे उत्तर

ताई, मग आता फक्त कामाचे सांगतो. या दैनिकाच्या त्या वर्षांतल्या अंकांच्या पीडीएफ ऑनलाइन बर्मा लायब्ररीवर मिळतात, त्यामुळे छापील मजकुरासाठी तुमच्या प्रतींवर काही अडलेले नाही. कडेचा मजकूर मात्र तुमच्याखेरीज कोणाकडेही नाही. अंक फोटोकॉपीच्या दुकानात देऊ नका. तिथे कागद बसवण्यासाठी कडा दुमडतात किंवा कापतात. घडी उलगडून अंक एक दिवस जड पुस्तकांखाली ठेवा, खिडकीशेजारी तिरप्या उजेडात पूर्ण पानाची छायाचित्रे घ्या म्हणजे पेन्सिल उठून दिसेल, आणि काचसामान गुंडाळलेले चुरगळलेले अंकही फेकण्यापूर्वी चारी बाजूंनी पाहून घ्या. जिथे वाचता येत नाही तिथे खोडरबर किंवा गडद पेन्सिल लावू नका. रंगकाम चालू असेतो गठ्ठा माळ्यावर ठेवू नका, चुन्याची धूळ घड्यांत बसते.

‘को.’च्या नोंदी असलेल्या अंकांच्या तारखा क्रमाने लिहून काढल्यात, तर मधले कोणते दिवस गठ्ठ्यात नाहीत हेही कळेल.